आधी ऊब, मग दूध : आईविना सापडलेल्या अशक्त मांजरपिल्लासाठी

मे महिन्यात कौलारू घरांची शाकारणी सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. पावसाआधी कौलं उतरवून फुटकी बदलायची असतात, आणि नेमकी माळ्यावरच्या जुन्या गोणपाटात मांजरीने पिल्लं घातलेली असतात. ठोकाठोक ऐकून ती पळते, कामगार पिल्लं उचलून अंगणात आणून ठेवतात, आणि तिन्हीसांजेला कोणीतरी विचारतं, "ताई, एक पिल्लू अगदी निपचित पडलंय. दूध घातलं तर गिळतही नाही. काय करू?"

मी आधी एवढंच विचारते, "करंगळी त्याच्या तोंडात घालून बघ. आत ऊन लागतंय की गार?" बहुतेक वेळा उत्तर ‘गार’ असंच येतं. मग मी सांगते, दुधाची वाटी बाजूला ठेव.

गोव्यात डिचोलीतल्या आमच्या घरी आलेलं पहिलं पिल्लू माझ्या हातून असंच गेलं. मासळी बाजाराच्या मागे सापडलेलं, जेमतेम मुठीएवढं, ओलंचिंब. मी घाईघाईने गाईचं दूध कोमट केलं आणि ड्रॉपरने त्याच्या तोंडात सोडलं. दूध नाकातून बाहेर आलं. पहाटेपर्यंत धाप लागून ते गेलं. त्याला भूक लागली होती हे खरं, पण गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. गिळण्याची ताकद नसते, दूध छातीत जातं, पोटात गेलंच तर तिथेच नासतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

उचलण्याआधी

पिल्लू गुटगुटीत, कोरडं, उबदार आणि शांत असेल तर त्याची आई आसपास आहे असं समजा. लांब राहून दोन-तीन तास नजर ठेवा. शाकारणीसारख्या प्रसंगी त्याच जागेजवळ, पाऊस न लागेल अशा आडोशाला खोक्यात पिल्लं ठेवली तर मांजर बहुधा रात्री येऊन एकेक करून हलवते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा आपल्याकडचा समज खोटा आहे. आईच्या दुधाची सर कशालाच नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या चिकातून रोगाशी लढण्याची जी शक्ती मिळते, ती बाजारातल्या कुठल्याही डब्यात मिळत नाही.

पण पिल्लू गार असेल, मळलेलं असेल, अंगावर मुंग्या चढलेल्या असतील, किंवा सारखं केकाटून आता गप्प झालं असेल, तर वाट बघू नका. उचला. आईला पकडायला मात्र जाऊ नका. घाबरलेली मांजर चावते. गोवा 2021 साली रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला असला तरी चावा अंगावर काढायचा नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि आरोग्य केंद्र गाठा.

पहिला तास-दीड तास : फक्त ऊब

गोव्यातल्या माणसाला हे पटवणं सगळ्यात कठीण जातं. "ताई, इथे आपणच उकडून हैराण झालोय, त्याला कसली थंडी?" पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला थरथर कापून अंग गरम करता येत नाही. त्याच्याभोवतीची हवा 29 ते 32 अंश सेल्सिअस लागते. एकटं पिल्लू असेल तर भावंडांची ऊबही नाही. त्यात आपल्या घरातली लादी गार, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि बाहेर पाऊस. आपल्याला हवाहवासा वाटणारा तो झोत त्याच्या अंगातली ऊब काढून नेतो.

पिल्लू ओलं असेल तर आधी सुती कापडाने हलक्या हाताने पुसून कोरडं करा. मग त्याला आपल्या छातीशी, कपड्याच्या आत, अंगाला अंग लावून धरा. मी मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळते आणि फक्त तोंड उघडं ठेवते. थर्मामीटर असेल तर टोकाला थोडं खोबरेल लावून ते अगदी जरासंच, सेंटिमीटरभरसुद्धा नाही, गुदद्वारात धरा. पहिल्या आठवड्यात 35 ते 37 अंश, म्हणजे 95 ते 98.6 फॅरनहाइट, हे ठीक. 35 च्या खाली दूध बंद. आपले घरगुती डिजिटल थर्मामीटर फार कमी तापमान मोजतच नाहीत, पडद्यावर नुसतं ‘लो’ दिसतं. ते दिसलं की यंत्र बिघडलंय असं समजू नका, पिल्लू खरोखरच धोक्यात आहे. थर्मामीटर नसेल तर करंगळी आहेच. तोंडात गार लागलं, पंजे गार लागले, की अजून वेळ आहे.

ऊब हळूहळू द्यायची. तासाभरात अंशभर वाढली तरी पुरे. हेअर ड्रायर, बल्बखाली ठेवणं, कढत पाण्यात बुडवणं यातलं काहीही करू नका. बाहेरची कातडी झपाट्याने तापली की रक्त कातडीकडे धावतं, आतल्या अवयवांना कमी पडतं, आणि सुधारतंय असं वाटत असतानाच पिल्लू मान टाकतं.

मग खोका. सफरचंदांचा पुठ्ठ्याचा खोका उत्तम, त्याला भोकं असतातच. तळाशी वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर जुनी सुती साडी किंवा फ्लॅनेल. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. एका बाजूला गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा अर्ध्या लिटरची बाटली, मोज्यात घालून. पाणी उकळतं नसावं. मोज्यावरून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघा, सुखद वाटलं पाहिजे. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. फार अशक्त पिल्लाला सरकताही येत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी तुम्हीच हात लावून बघा.

विजेवर चालणारी शेकण्याची गादी लोक विकत आणतात. पावसाळ्यात रात्री दोनला वीज गेली आणि तुम्हाला झोप लागली की ती गादी नुसती गार चादर होते. गॅसवर तापवलेलं पाणी वीजमंडळाच्या भरवशावर नसतं. फक्त बाटली दर दोन तासांनी बदला. थंड झालेली बाटली पिल्लाच्याच अंगातली ऊब ओढून घेते, आणि हे लक्षात न आल्यामुळे हाताशी आलेली पिल्लं गेलेली मी पाहिली आहेत. खोक्यात ओलं फडकं ठेवून हवेत दमटपणा आणा, असं काही लोक सांगतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात त्याची काहीच गरज नाही.

आणि मुंग्या. खोका जमिनीवर ठेवूच नका. स्टुलावर ठेवा आणि स्टुलाच्या चारी पायांखाली पाणी घातलेल्या करवंट्या किंवा वाट्या ठेवा. आमच्या आजी लोणच्याची बरणी सांभाळायला हेच करायच्या. नाळेच्या ओल्या टोकाला मुंग्या लागतात, माशा बसतात, अळ्या पडतात. नाळ कधीही ओढू नका, तीन ते पाच दिवसांत ती आपोआप गळते. टोकाला पाण्यात पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन कापसाने लावा. अळ्या दिसल्या तर घरी उपचार नको, थेट डॉक्टर.

ऊब येत असताना साखर

उपाशी पिल्लाच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. ते लुळं पडतं, झटके येतात. यासाठी दुधाची वाट बघावी लागत नाही. फार्मसीत मिळणारी ग्लुकोज पावडर सपाट चमचाभर घेऊन 50 मिली कोमट पाण्यात विरघळवा आणि बोट बुडवून एक थेंब हिरड्यांना चोळा. दर दहा-पंधरा मिनिटांनी असाच एकेक थेंब. तोंडात ओतायचं नाही, हिरडी ओली करायची. काही वेळाने ओठ हलायला लागतात, जीभ बाहेर येते. तो क्षण आला की मी सुटकेचा श्वास टाकते.

दूध पाजण्याआधीची दोन कामं

तोंड हळूच उघडून वरची टाळू बघा. तिला चीर असेल तर पाजलेलं दूध नाकातूनच येणार. अशा पिल्लाला घरी पाजू नका. दुसरं, करंगळी पुन्हा तोंडात घाला. आता तोंड ऊन लागलं पाहिजे, आणि पिल्लाने बोट थोडंफार तरी चोखलं पाहिजे. अंग गरम आहे पण चोखत नाही, असं असेल तर बळजबरी करू नका. अशा पिल्लाला डॉक्टर नळीने पोटात दूध घालतात. ते तंत्र त्यांच्यासमोर बसून शिकता येतं, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकू नका. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर पिल्लू हातातच जातं.

दूध

गाईचं, म्हशीचं दूध नको. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात, आणि गाईच्या दुधाने जुलाब लागतात. एवढ्याशा जिवाला एका रात्रीचे जुलाब पुरेसे होतात. शेळीचं दूध पचायला जरा हलकं असलं तरी तेही पुरेसं नाही. मांजरपिल्लांसाठीची दूध पावडर पेट शॉपमध्ये मिळते, पण रात्री दहाला मिळणार नाही. मे महिन्याच्या सुरुवातीलाच एक डबा घरात आणून ठेवा. डबा नसेल तर उबेत ठेवून वरच्यासारखं ग्लुकोज देत पहाटेपर्यंतचे तास काढा आणि सकाळी दुकान उघडताच दारात उभे राहा.

पावडर आणि पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेवढंच घ्या. ‘अशक्त आहे म्हणून जरा दाट’ असं करू नका. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये 24 तास चालतं, एकदा पाजायला घेतलेलं मात्र उरलं तर टाकून द्या. वाटी गरम पाण्यात ठेवून दूध कोमट करा, मनगटावर थेंब टाकला तर ना गार ना गरम लागेल असं.

हिशेब सोपा आहे. 100 ग्रॅम वजनाला दिवसभरात साधारण 20 मिली, आणि एका वेळी दर 100 ग्रॅममागे 4 मिलीच्या वर कधीच नाही. समजा पिल्लू 80 ग्रॅमचं आहे. त्याला दिवसाला 16 मिली लागेल. दर दोन तासांनी दिलं तर बारा वेळा, म्हणजे एका वेळी दीड मिलीच्या आत. अगदी पहिल्या वेळी मी एक मिलीसुद्धा देत नाही. ते पचलं, पोट फुगलं नाही, की पुढच्या वेळी पूर्ण. मरणाच्या दारातून आलेल्या पिल्लाला पोटभर पाजायची घाई आपल्याला असते, त्याच्या पोटाला नसते.

आता पाजण्याची रीत. सुई काढलेली 1 मिलीची सिरिंज घ्या. पिल्लाला पोटावर, चार पायांवर ठेवा, डोकं किंचित वर. ते आईला पितं तेव्हा असंच असतं. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही धरू नका. सिरिंजचं टोक तोंडाच्या कडेने आत, जिभेवर. थेंब सोडा. थांबा. गिळलं? कान जरासे हलतात, गळा हलतो. मग पुढचा थेंब. एक मिलीला पाच मिनिटं लागली तरी चालेल. नाकातून बुडबुडा आला तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा. त्यानंतर श्वासाचा टकटक आवाज, खोकला, निळसर हिरड्या, यांपैकी काहीही दिसलं तर पुढचं दूध न देता डॉक्टर गाठा. पिऊन झालं की खांद्याशी धरून पाठीवरून बोट फिरवा, ढेकर येऊ द्या.

म्हापशाहून एका मुलाचा फोन आला होता. पिल्लू छान पितंय, पण सारखं रडतंय, पोट टम्म झालंय. मी विचारलं, "शू केली?" तो म्हणाला, "त्याला कुठे कळतंय?"

शू आणि शी

खरंच कळत नाही. पहिले तीन आठवडे पिल्लू स्वतःहून शू-शी करू शकत नाही, आई चाटते तेव्हाच होते. म्हणून दर पाजण्याआधी आणि नंतर, कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हळूहळू थोपटत फिरवा, घासायचं नाही. शू दर वेळी झाली पाहिजे, जवळजवळ बिनरंगी. गडद पिवळी झाली तर अंगात पाणी कमी आहे. शी दिवसातून एकदा-दोनदा, पिवळसर तपकिरी, मऊ. पाण्यासारखी, हिरवट किंवा पांढरी झाली तर वाट बघू नका. म्हापशाच्या त्या मुलाने तिथेच फोन स्पीकरवर ठेवून कापूस फिरवला, आणि "ताई, थांबतच नाहीये!" असं ओरडला. त्याचं पिल्लू त्यानंतर शांत झोपलं.

पिसवा

पिसवा अंगभर असतील तर त्या पिल्लाला रक्तहीन करून मारू शकतात. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. कुत्र्यांची पावडर, गोचिडांचं औषध, फवारा, काहीही लावू नका. अशा औषधांतलं परमेथ्रिन तर मोठ्या मांजरालाही विष आहे. बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. अंघोळ पिल्लू सावरल्यावर.

वजनाची वही

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि एक वही. रोज ठरलेल्या वेळी, पाजण्याआधी. जन्मताना पिल्लू साधारण 90 ते 110 ग्रॅमचं असतं, रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं. माझ्या वहीतलं गेल्या वर्षीच्या शाकारणीतलं एक पान असं आहे: 82, 82, 84, 93, 101. पहिले दोन दिवस आकडा हलला नाही, घटलाही नाही, आणि मी ते चालवून घेतलं कारण ते मरणाच्या दारातून आलं होतं. पण पूर्ण दिवसात वजन घटलं तर समोर पिल्लू कितीही टुणटुणीत दिसो, तुमच्या डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवा. वहीत वजनासोबत वेळ, किती मिली प्यायलं, शू-शीचा रंग लिहा. डॉक्टरांना ही दोन ओळींची नोंद तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

डॉक्टरकडे नेताना

तासा-दोन तासांत अंग गरम होत नाही, तोंड उघडून श्वास घेतंय, मान मागे ताठरते, झटके येतात, सलग दोन वेळा दूध नाकारलं, हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या, यांपैकी एक पुरेसं आहे. बहुतेक तालुक्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, पणजीत टोंक इथला आहे, आसगावला प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आहे. आधी फोन करून नवजात पिल्लू बघतात का ते विचारा, सगळीकडे सोय सारखी नसते. पाणी कमी झालेल्या पिल्लाला डॉक्टर कातडीखाली कोमट सलाईन देतात, त्याने अर्ध्या तासात फरक दिसतो.

प्रवासात पुन्हा तीच ऊब. स्कूटरच्या पुढच्या जाळीत पिल्लू ठेवून वाऱ्यातून नेलं की घरी मिळवलेलं सगळं वाटेत जातं. रेनकोटच्या आत, छातीशी, बाटली जवळ. लांब जायचं तर कदंब, म्हणजे सरकारी बस बरी, खिडकी बंद करून.

घरात दुसरी मांजरं असतील तर दोन आठवडे पिल्लाची खोली, फडकी, तुमचे हातसुद्धा वेगळे. मांजरांचा पार्व्हो हा आजार कपड्यांवरून जातो. डॉक्टर दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध देतील, लस सहा-आठ आठवड्यांनी.

काही पिल्लं सगळं नीट करूनही जातात. आतून काही अपुरं असतं, ते बाहेरून दिसत नाही. अशा वेळी त्याला उबेत धरून बसा. त्या घडीला सिरिंज हातात घेऊ नका.

जी राहतात त्यांचे डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात, आधी एक फट, मग निळसर बुबुळ. ओढून उघडायचे नाहीत. चिपडं साचली तर उकळून थंड केलेल्या पाण्याचा कापूस आतल्या कोपऱ्यातून बाहेर फिरवा. पापणी सुजून पू आला तर डॉक्टर. दोन आठवडे पुरे झाले आणि वजन सलग वाढत असेल तर रात्री दोन तासांऐवजी साडेतीन-चार तासांनी पाजलं तरी चालतं. दोनचा गजर बंद करा. पहाटेचा ठेवा, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भोंग्याआधी दूध कोमट झालेलं असलं पाहिजे.